मळभातली येळवस

येळवशीच्या दिवशी माझा भाऊ सतीश विमान घेऊन ढगात शिरला आणि पडला. विमानात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. आम्ही शेतात होतो.

झालं ते एवढंच. यात शब्द वाढवायला मी आजवर नकार देत आले आहे, आणि वाढव म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली.

मार्गशीर्ष आला की हे पुन्हा सांगावंसं वाटतं. कमलनगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. सुट्टीच्या दिवशी गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर लागते. या दिवसांत ती फुलोऱ्यात असते. ज्वारी पोटऱ्यात, हरभरा घाट्यावर, आणि मधे ही पिवळी तूर. सकाळी धुई पडलेली असते. जीपमधली माणसं काचेतून वर बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "आभाळ आलंय." हेच वाक्य जूनमध्ये हीच माणसं म्हणतात तेव्हा त्यात पाहुणा दारात आल्याचा आनंद असतो. मार्गशीर्षात त्याच वाक्याला आंबट वास येतो. हे आभाळ पाऊस देत नाही. दोन-चार दिवस डोक्यावर बसून राहतं, तुरीचा फुलोरा गाळतं, शेंगांत अळी सोडतं आणि निघून जातं. आमच्याकडे त्याला मळभ म्हणतात.

त्या वर्षीही मळभ होतं. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तुरीची काळजी होती. ढगाची काळजी करायला आणखीही एखादं कारण असू शकतं, हे आमच्या शिवारात कुणालाच माहीत नव्हतं.

लातूर, बीदर, गुलबर्गा या पट्ट्याबाहेर राहणाऱ्यांना येळवस सांगावी लागते. पंचांगात तिचं नाव वेळ अमावस्या, आमच्या तोंडात येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात. दुकानं बंद, बस रिकाम्या, घरांना कुलपं. सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात. बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली आंबिल आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि रानातल्या हाताला येतील त्या भाज्या बेसनात शिजवलेलं ते एक प्रकरण आहे. बाहेरच्याला पहिल्यांदा ते चिखलासारखं दिसतं आणि दुसऱ्यांदा तो मागून घेतो. वाटेवरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवायचं. पुण्याला, हैदराबादला, मुंबईला पोटासाठी गेलेली माणसं दिवाळीला आली नाहीत तर चालतं. येळवशीला यावं लागतं.

आमच्या घरात त्याला एक जोड होती. घरातलं शेवटचं माणूस शेतात आल्याशिवाय अप्पा पहिला उंडा मोडत नसत. कुणाची बस चुकली, कुणाची मोटारसायकल पंक्चर झाली, तरी आम्ही थांबायचो. लहानपणी मला या थांबण्याचा फार राग यायचा. नंतर अभिमान वाटू लागला. आता मला ते थांबणं नुसतं दिसतं, पाटावर ताटं मांडलेली आणि सगळ्यांच्या माना वाटेकडे.

सतीश माझ्यापेक्षा बराच लहान. शाळेत असताना बीदरकडून येणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज आला की तो जेवण टाकून अंगणात पळायचा. आई म्हणायची, "त्याच्या कानात इमान बसलंय." शिकून नोकरीला लागेल असं वाटत असतानाच त्यानं विमान शिकायचं ठरवलं. गुलबर्ग्याच्या बाजूला, दोन माणसांची छोटी विमानं उडवायला शिकवणाऱ्या एका ठिकाणी तो दाखल झाला. सुट्टीत आला की धाकटे काका त्याला सोडायचे नाहीत.

"सत्या, बैलगाडी तुला सरळ हाकता येत न्हाई, अन् इमान हाकायलास व्हय?"

"काका, विमानाला चाकोरी नसते."

"तर मग कशावरनं जातंय? वरनं खड्डा बी दिसंना अन् वाट बी दिसंना!"

"क्षितिज दिसतं की. त्याच्यावरच सगळं असतं. नाक क्षितिजाच्या खाली गेलं तर उतरायलाव, वर गेलं तर चढायलाव. पंख एका अंगाला गेला तर वळायलाव."

"अन् ते तुजं क्षितिज दिसंनासं झालं तर?"

सतीश हसला होता. "मग तिकडं जायचंच न्हाई."

काकांनी थट्टेत विचारलं होतं आणि सतीशनं थट्टेत सांगितलं होतं. पुढे मी जाडजाड पुस्तकं वाचली, पण त्यातलं सगळं शहाणपण त्या उत्तरात होतं. मग तिकडं जायचंच नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं की मी चिडते, आणि माहीत असूनही तो गेला हे मान्य करायला कुणी तयार नसलं की त्याहून जास्त चिडते.

त्या वर्षी त्याला येळवशीला सुट्टी नव्हती. पण त्याच दिवशी त्याचा एकट्यानं उडण्याचा सराव होता, आणि ठरलेली वाट आमच्या तालुक्यावरून जाणारी होती. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आईनं फोन कानाला न लावता तोंडासमोर धरला होता, त्यामुळे सगळ्या घरानं ऐकलं.

"आई, मी वरून येतो. अप्पांना सांग, मी शेतावर आलो की जेवायला बसा. काकांना म्हणावं धूर करा, म्हणजे शेत सापडंल."

"वरनं एकांदं लिंबू टाक म्हणावं भज्जीत पिळायला," काका मागून ओरडले.

आई हसली आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं, जे आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात. "नीट ये. अन् निघाल्यावर माघारी फिरू नगंस."

हा आमचा शकुन. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही विसरलं तरी उंबरठ्याकडे परत यायचं नाही. अगदीच यावं लागलं तर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. परीक्षेला जाणारी पोरं, सासरी जाणाऱ्या मुली, बाजाराला जाणारी गाडी, सगळ्यांना हाच नियम. हा नियम ज्यानं केला तो जमिनीवर चालत होता. जमिनीवर पुढे जात राहिलं की काहीतरी लागतंच, एखादं गाव, एखादी विहीर, एखादा माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात सगळं मांडून तयार होतं. काकांनी बांधावर ओला कडबा पेटवला होता. त्याचा पांढरा धूर सरळ वर गेला आणि थोड्याच उंचीवर ढगाला मिळाला. ढग एवढे खाली होते. कोपीपासून पाहिलं तर पलीकडच्या माळावरचा मोबाईलचा मनोरा अर्ध्यात कापल्यासारखा दिसत होता, वरचा अर्धा नव्हताच. हे मी पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. आम्हाला त्याचा अर्थ एवढाच लागला की तुरीवर पुन्हा फवारा मारावा लागणार.

"अण्णा, पोरगं येईस्तोर भज्जीचा दगड व्हईल," काका अप्पांना म्हणाले. "बसा की आता."

"येऊ दे की गा," अप्पा म्हणाले. "आजवर कवा बसलाव त्याच्याबिगर?"

काकांची मुलगी शुभा तेव्हा शाळेत होती. ती तांबडी ओढणी घेऊन बांधावर उभी होती, सतीशदादाला दिसावी म्हणून.

मग आवाज आला. दक्षिणेकडून, आधी दूर, मग जवळ, मग डोक्यावर. विमान दिसलं नाही. आम्ही सगळे उठून ढगाला हात करू लागलो. शुभा ओढणी फिरवत होती, शेजारच्या शेतांतली माणसंही उठून वर बघत होती. आवाज पुढे न जाता आमच्या वर फिरत राहिला. चढत गेला, बारीक होत गेला, उतारावर सोडून दिलेल्या गाडीसारखा.

"बघा, बघा, चकरा मारायलाय!" काका म्हणाले. "सलामी द्यायलाय पोरगं!"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

हे वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली. लिहून झालं. आता त्याच्यापासून मी पळत नाही. आकाशात काय चाललं आहे हे कळण्याचं कोणतंही साधन आमच्याजवळ नव्हतं. त्याच्याजवळ होतं, समोरच्या यंत्रांच्या तबकड्यांत. पण त्या तबकड्यांवरच विसंबून उडण्याचं शिक्षण त्याचं व्हायचं होतं.

विमान पडलं ते दोन शिवारं ओलांडून, एका तुरीच्या रानात. एरवी त्या रानात चिटपाखरू नसतं. त्या दिवशी शेताशेतांत माणसं होती, ती जेवणावरून उठून धावली. कुणाला इजा झाली नाही. सतीश गेला.

तिसऱ्या दिवसापासून गोष्ट तयार होऊ लागली. एवढ्या माणसांनी आवाज ऐकला होता, एवढ्यांनी विमान ढगातून खाली येताना पाहिलं होतं, की गोष्ट होणारच होती. कुणी म्हणालं, सतीशनं खाली जेवायला बसलेली माणसं पाहिली. दुसरं म्हणालं, पाहिली आणि विमान वळवलं. तेराव्यापर्यंत ती पक्की झाली होती. इंजिन बंद पडलं, सतीश उडी मारू शकत होता, पण खाली आपलं गाव पंगतीला बसलेलं, म्हणून त्यानं विमान रिकाम्या रानात नेलं आणि आपला जीव दिला. गावाच्या कमानीजवळ फलक लागला. त्यावर सतीशचा फोटो, मागे ढग, पांढरेशुभ्र, कापसासारखे, आणि खाली तीच गोष्ट. दर येळवशीला शेतात जाण्याआधी लोक त्याला हार घालतात.

अप्पा त्या फलकासमोर उभे राहतात तेव्हा त्यांची पाठ सरळ होते. हे मी पाहिलं आहे, आणि म्हणून बरीच वर्षं मी गप्प राहिले.

पण मी वाचत होते. दुसरं मला काय येतं? सतीशची पुस्तकं आधी वाचली, मग मागवून घेतलेली. आमच्या ग्रंथालयात ढगांबद्दल लिहिलेलं पुष्कळ आहे. कथा आहेत, कविता आहेत, शेतीच्या पोथ्या आहेत. सगळं खालून पाहिलेलं. आतून ढग कसा असतो हे मला त्या कोरड्या, आकृत्यांच्या पुस्तकांनी सांगितलं. आत पांढरं असतं आणि काही नसतं. वर नाही, खाली नाही, डावं-उजवं नाही. माणूस आपला तोल डोळ्यांनी सांभाळतो, हे डोळे असेपर्यंत त्याला कळत नाही. डोळे गेले की कान पुढे येतात. कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या वाकड्या नळ्या असतात, डोकं फिरलं की ते पाणी हलतं आणि आपल्याला कळतं. पण फिरणं अगदी सावकाश असेल तर पाणी हलल्याचं कळत नाही. आणि बराच वेळ एकसारखं फिरत राहिलं तर पाणीही बरोबर फिरू लागतं आणि कान सांगतो, तू सरळ आहेस. जत्रेतल्या चक्रीत डोळे मिटून बसलं तर हे कळतं. चक्री थांबली की आपण उलट्या बाजूला फिरतो आहोत असं वाटतं, आणि पोरं खिदळतात.

ढगात शिरलेला माणूस खिदळत नाही. विमानाचा एक पंख सावकाश खाली जातो, त्याला कळत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो वेग त्याला ऐकू येतो. म्हणून तो नाक वर ओढतो. पण पंख कललेला असताना नाक ओढलं की वळण आणखी आवळतं, विहिरीत सोडलेल्या दोरासारखं गोल गोल खाली. त्याचं अंग त्याला सांगत असतं की तू सरळ आहेस. समोरच्या तबकडीत एक चितारलेलं क्षितिज असतं, ते तिरकं झालेलं असतं. अंग म्हणतं तबकडी बिघडली. ज्याला शिक्षण मिळालं आहे तो अंगाला खोटं ठरवतो आणि तबकडीला खरं मानतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. शिकवणारा शेजारी बसवून, डोळ्यांवर बाहेरचं दिसू नये अशी झापड लावून, पुन्हा पुन्हा करून अंगाची ती सवय मोडावी लागते. तोवर ढगापासून दूर राहायचं. समोर ढग आला की अलीकडेच वळायचं आणि आलो त्या वाटेनं परत जायचं.

परत जायचं. सगळ्या पुस्तकांत शेवटी हेच होतं. मला हसू आलं होतं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

सतीशला शिकवणारे वयस्कर गृहस्थ एकदा घरी येऊन गेले. तेलुगू माणूस, आमच्याशी दखनीत बोलले. चहा समोर तसाच राहिला. निघताना आईला म्हणाले, "अम्मा, बादल नीचे से नरम दिखता. नरम नहीं होता." आईला ते कळलं नाही. ती मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, देवाला आवडला." मी तो निरोप दिला नाही.

मला या वाक्याचा संताप येतो. देवाला आवडला, आभाळाला आवडला, काळ आला होता. दर पावसाळ्यात आणि दर हिवाळ्यात जगात कुठं ना कुठं एखादं छोटं विमान ढगात शिरतं, बहुतेक वेळा आत एखादा शिकलेला, हुशार, घाईतला माणूस असतो, आणि त्याची कुणीतरी वाट बघत असतं. देवाची आवड इतकी ठरलेली कशी असेल? जे ठरलेलं असतं ते शिकता येतं, आणि जे शिकता येतं त्याला मी दैव म्हणणार नाही. माझ्या भावाची चूक झाली. चूक म्हटल्यानं तो लहान होत नाही. उलट, वीर म्हटलं की तो माझ्या हातातून जातो. वीरापासून कुणी काही शिकत नाही, त्याला हार घालतात. चुकलेल्या माणसाच्या शेजारी बसता येतं.

हे सगळं मी मनात ठेवलं असतं. मी मोठ्यानं बोलणारी बाई नाही. पण शुभा मोठी झाली.

बारावी झाली, आणि तिनं सांगितलं की तिला विमान शिकायचं आहे. काका ताटावरून उठले. "एक पोरगं ढगानं खाल्लं. आता पोरगी बी वाढू व्हय त्याला?" आश्चर्य अप्पांचं होतं. ते म्हणाले, "जाऊ द्या तिला. सत्याचं नाव काढंल." काका मोठ्या भावाचा शब्द मोडत नसत, पण या वेळी दोघांत बोलणं बंद झालं. शुभा कमलनगरला माझ्याकडे आली. ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहून बोलली.

"अक्का, तू माझ्या बाजूनं बोल की. अप्पा तुझं ऐकतात, अन् बाबा अप्पांचं."

"तुला कामून शिकायचंय?"

ती एका दमात म्हणाली, "दादासारखं व्हायचंय. शेवटच्या क्षणाला बी त्यानं दुसऱ्यांचा विचार केला. मी बी तसंच केलं असतं."

ही पोरगी फलक वाचून मोठी झाली होती. तिच्या डोक्यात आकाशात मरण्याची एक सुंदर रीत तयार होती, आणि ढगाआधी वळण्याची कुठलीच नव्हती. अप्पांची सरळ पाठ एका पारड्यात होती आणि ही पोरगी दुसऱ्या. त्या दिवशी माझं ठरलं.

गेल्या साली येळवशीला पुन्हा मळभ होतं. पूजा झाली, ताटं मांडली, आणि मी म्हणाले, "जेवायच्या आधी मला बोलायचंय." सगळे चमकले. मी येळवशीला भज्जी वाढण्यापलीकडे कधी काही बोलले नव्हते.

मी सांगितलं. इंजिन बंद पडलं नव्हतं, आपण सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. उडी मारायची सोय त्या विमानात नव्हती. आणि त्यानं कुणाला वाचवायला विमान वळवलं नाही, विमान आधीच वळत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"असं कसं कळंना?" काका खवळले. "आपून चालवायलाव ती गाडी कलंडायली, हे चालवणाऱ्याला कळत न्हाई व्हय? खुळ्यासारखं बोलायलीस अक्का तू!"

"काका, त्या विहिरीवरच्या बाभळीपर्यंत सरळ चालत जाता?"

"कामून न जाऊ? जन्म गेला या रानात."

"डोळे बांधून?"

"डोळे बांधून, गुडघ्यावर, म्हणशील तसं!"

मी त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. मधे नांगरून ठेवलेलं मोकळं रान होतं. काका छाती काढून निघाले. आधी सरळ, मग थोडे डावीकडे, मग आणखी. पोरं फिदीफिदी हसू लागली. आई पदर तोंडाला लावून हसली. कुणीतरी ओरडलं, "काका, बाभळ पळून गेली का काय?" काका ठामपणे चालत राहिले, आणि बाभळीकडे पाठ करून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले. "आलं का झाड?" त्यांनी विचारलं. हसण्याचा स्फोट झाला.

त्यांनी टॉवेल सोडला. आधी हरभरा पाहिला, मग मागे वळून आपल्या पावलांची वाकडी ओळ पाहिली. ते हसले नाहीत. तिथंच उभे राहिले.

"मला वाटलं, सरळच चाललोय," ते म्हणाले.

"त्याला बी तसंच वाटलं," मी म्हणाले.

अप्पा कोपीच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी समोरचं ताट जरा बाजूला सरकवलं. मग विचारलं, "म्हंजी त्याला आमी दिसलावच न्हाई?"

"न्हाई, अप्पा. ढगात कायच दिसत न्हाई."

"शुभीची ओढणी बी?"

"न्हाई."

शुभा रडू लागली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी अप्पांकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेत होते, आणि त्याच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

"मग त्यानं काय करायचं व्हतं?"

"माघारी फिरायचं होतं. ढगाच्या अलीकडनं."

"अन् आमी?"

"आपण जेवून घ्यायचं होतं."

वारा नव्हता. तुरीची गळालेली फुलं सरीत पडली होती. अप्पांनी ताट पुढे ओढलं आणि उंडा मोडला. "बसा," ते म्हणाले. आम्ही बसलो. भज्जी गार झाली होती, कुणी तक्रार केली नाही. जेवताना काका मधेच म्हणाले, "त्या दिवशी मीच म्हणलो, सलामी द्यायलाय म्हणून." अप्पा म्हणाले, "खा गा तू." त्या दोघांतलं बोलणं सुरू झालं ते असं.

त्यानंतर शुभाला कुणी अडवलं नाही. जाण्याच्या दिवशी आई उंबरठ्यावर आली. तिच्या ओठांवर जुनं वाक्य आलं, मला ते येताना दिसलं. ते तिनं गिळलं, आणि म्हणाली, "कवाबी माघारी फीर गं माय. दारातनं फीर, अर्ध्या वाटंतनं फीर, लोक काय म्हणायचं ते म्हणू द्यात." शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, असं अशुभ बोलत्यात का पोर निघताना?" आई तिच्यावर खेकसली. चाळीस वर्षांच्या शेजारात मी आईला खेकसताना पाहिलं ते तेव्हाच.

यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी शुभाचा फोन आला. एकटीनं सरावाला निघाली होती. वाटेत पुढे मळभ दिसलं, खाली उतरलेलं. त्याच्या खालून जाता येईल असं क्षणभर वाटलं, असं ती म्हणाली. सगळ्यांना ते क्षणभर वाटतंच. मग तिनं विमान वळवलं आणि जिथून निघाली तिथं परत उतरवलं. बरोबरची मुलं चिडवत होती. एकजण म्हणे हात जोडून म्हणाला, "आल्या बघा माघारीबाई!"

"हसले सगळे, अक्का."

"हसू दे."

"तुला वाईट न्हाई वाटलं?"

वाईट? मी ग्रंथालयात होते, तिथं मोठ्यानं बोलू नये अशी पाटी मीच लावलेली आहे. मी इतक्या मोठ्यानं हसले की वाचणारी मुलं वर बघू लागली. मला त्या ढगाला सांगायचं होतं. तू बस तिथं, हवा तेवढा बस, फुलोरा गाळ, अळी सोड. आमचं माणूस तुझ्या तोंडापर्यंत आलं आणि पाठ फिरवून गेलं. तुला भिऊन गेलं असं तुला म्हणायचं असेल तर म्हण. आम्हाला त्याची लाज उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात वेळेवर जेवलो. अप्पांनी कुणाची वाट पाहिली नाही. काकांनी धूर केला नाही. मळभ होतंच.

गावाच्या कमानीजवळचा फलक अजून आहे. तो काढायला लोक तयार नाहीत, आणि विचारलं तर मी खरं काय ते सांगते. काही ऐकतात, काही मला कडू म्हणतात. अप्पा आता त्याच्यासमोर थांबत नाहीत. सतीश नाही. शुभा गुलबर्ग्याला शिकते आहे. ढगात उडण्याचं तिचं शिक्षण अजून व्हायचं आहे. तोवर ती ढगात जात नाही.